बाराशे एक्क्याण्णवच्या आधीची ओळ

“हा नंबर लागतच नाही गं. तीन आकडे कमी पडतात.”

माझ्या पुढच्या रांगेतल्या मावशी शेजारणीला सांगत होत्या. त्यांच्या एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात तुमच्या पुण्यानुमोदनाचं कार्ड. कार्डावर तुमचा तो निळ्या शर्टातला फोटो, खाली नाव, आणि नावाखाली, जिथे लोक घरच्यांचे फोन नंबर टाकतात तिथे, सात आकडे: २०४०४८७.

प्रशांतदादा पाण्याचे ग्लास वाटत होता. तो वाकून म्हणाला, “मावशी, फोन नंबर नाही तो. पप्पांची संख्या आहे ती. तिला कशानेच भाग जात नाही.”

“कशानेच?”

“कशानेच. पप्पांनी हाताने भागून भागून सिद्ध केलं. तेरा वर्षं लावली.”

“अगंबाई,” मावशी म्हणाल्या. मग थोडा विचार करून, “पण मग फोन कुठल्या नंबरवर करायचा?”

काका, तुम्ही असतात तर विहार दणाणेल इतक्या जोरात हसला असतात. मी मागच्या रांगेत पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. कारण त्या संख्येला भाग जातो. मला हे नऊ महिन्यांपासून माहीत आहे. तुम्हाला माहीत होतं की नाही ते मला कळत नाही, आणि आता ते कुणाला विचारायचं तेही कळत नाही.

हे मी मराठीत लिहितेय. इंग्रजीत लवकर झालं असतं, पण मग ते तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं. आणि वाचून दाखवण्यातच तर सगळा घोळ झाला.

माझं ‘नऊचाळीस’ हे नाव कसं पडलं ते तुम्हाला माहीतच आहे, पण मला ते एकदा नीट लिहायचंय. मी चौथीत होते. शोभाआत्याच्या हळदीला कुणीतरी विचारलं, तुझा रोल नंबर किती. मी म्हणाले, फोर्टी नाईन. “मराठीत सांग की,” आत्या म्हणाली. मी खूप विचार केला आणि म्हणाले, “नऊचाळीस.” मांडवातली सगळी बायकामाणसं हसली. बाबाही हसले. हळद लागलेली आत्यासुद्धा हसली. तुम्ही तेवढे हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, “बरोबरच आहे की. नऊ आणि चाळीस. आपल्याच लोकांनी पन्नास यायच्या आधी पन्नासचं नाव घेऊन ठेवलंय, त्यात पोरीची काय चूक?” नाव तरी पडलंच. तुम्हीही कधी कधी त्याच नावाने हाक मारायचात, पण तुमच्या तोंडून ते मला चालायचं. त्या दिवसापासून मी चारचौघांत मराठी आकडा म्हणायचा टाळते. दुकानात मोबाईलवर टाइप करून दाखवते. लोकांना वाटतं, मी शिष्ट आहे.

तुमचा आणि माझा गणिताशी संबंध माझ्या सहावीच्या गणिताच्या इंग्रजी पुस्तकातून आला. त्या वर्षी कल्याणचं प्रेस बंद झालं. तुम्ही तिथे ट्रेडल मशीन चालवायचात. स्टेशनजवळच्या पार्किंगच्या चिठ्ठ्या तुमच्याकडे छापल्या जायच्या, आणि मशीनला नंबरिंगचा डबा लावलेला असायचा: कागद दाबला की आकडा उमटणार, आणि पुढचा आकडा आपोआप वर येणार. शेवटच्या दिवशी मशीन भंगारवाल्याने नेलं, त्याआधी निघालेली शेवटची चिठ्ठी तुम्ही खिशात घालून घरी आणलीत. २०४०४८७. “आयुष्यभर आकडे मारले,” तुम्ही बाबांना म्हणालात, “आणि एकाकडेही दोन मिनिटं बघायला मिळालं नाही. आता ह्या एकाकडे बघतो.”

बघायचं म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्या पुस्तकात सापडलं. तुम्हाला इंग्रजी फारसं वाचता येत नव्हतं, पण आकड्यांची चाळणी चित्रात होती. दोनच्या पटीतले खोडा, तीनच्या पटीतले खोडा, पाचच्या, सातच्या. जे उरतील ते प्राईम. “मूळ संख्या,” तुम्ही मला दुरुस्त केलंत. तुम्ही प्रेसमधून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर पंधराशेपर्यंत चाळणी लावलीत आणि उरलेल्या संख्या बारीक अक्षरात एका वहीत उतरवल्यात. मग एकेका मूळ संख्येने तुमच्या चिठ्ठीच्या आकड्याला भागायला सुरुवात केलीत. तीनने जात नाही. सातने भागल्यावर बाकी एक. “फक्त एकाने हुकली,” तुम्ही सांगितलंत तेव्हा एखाद्या ओळखीच्या मुलीची गाडी सुटल्यासारखा तुमचा चेहरा झाला होता. अकराने बाकी नऊ. तेराने सात.

मग वर्षं गेली. काकूचं ऑपरेशन, दादाचं लग्न, टिटवाळ्याचं घर. महिनोन्‌महिने वही उघडलीही जायची नाही. तरी तुम्ही बाराशे तेरापर्यंत एकट्याने आलात, आणि तिथे तुमचे डोळे गेले. जाड स्केचपेनने लिहिलेलं दिसायचं, स्वतःची जुनी बारीक यादी दिसायची नाही. मागच्या वर्षी मी सहज भेटायला आले होते. तुम्ही यादीची वही माझ्या मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, “वाच गं, मॅडम. एकेक संख्या सांग, मी भागतो.”

“काका, लॅपटॉपवर एका सेकंदात कळेल.”

“मग तूही एका सेकंदात भेटून जा की. कशाला डोंबिवलीवरून येतेस?”

हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे, उत्तर तेच येणार. तुम्ही म्हणायचात, येऊ दे, पण आपल्याकडे पायी येऊ दे. मी विचारलं, कळून उपयोग काय? तुम्ही म्हणालात, “उपयोगाचे आकडे मी प्रेसमध्ये मारले.”

मी इंग्रजीत वाचायला लागले तर तुम्ही हात वर केलात. “इंग्रजीत सांगितलंस की मला आधी मनात मराठी करावं लागतं. तोवर हातचा विसरतो.” मी सुटे आकडे सांगून पाहिले. “एक, दोन, एक, सात.” तुम्ही म्हणालात, “हा काय पिनकोड आहे? सबंध सांग.” तो पहिला रविवार बराच निभावला: बाराशे सतरा, तेवीस, एकोणतीस, एकतीस, सदतीस. सदतीसला अडखळले, मग आठवलं.

एका बैठकीत पाच संख्या व्हायच्या. तुम्ही भागायचात, मग गुणून पडताळा घ्यायचात, मग दुसऱ्या वहीत भाजक आणि बाकी लिहायचात. पाच झाल्या की एक ओळ कोरी सोडायची. पुढच्या पाच काय येणार ते यादीत दिसत होतं, म्हणून मी फोटो काढून नेला. आठवडाभर ठाण्याला, नौपाड्यातल्या ऑफिसात ड्रॉइंग काढता काढता मी पाठ करत होते. बाराशे एकोणपन्नास. एकोणसाठ. सत्याहत्तर. एकोणऐंशी. त्र्याऐंशी. रोमन अक्षरांत लिहून कीबोर्डखाली चिठ्ठी ठेवली होती. शेजारच्या मुलीला वाटलं पासवर्ड आहे. मी नाही म्हणाले नाही.

पुढच्या वेळी मी आले तर तुमच्याकडे दादाच्या सासरची माणसं बसलेली. दादाची आधीच त्यांना नऊचाळीसची गोष्ट सांगून झाली होती, हे त्याच्या मेहुण्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला परत जावंसं वाटलं. तुम्ही म्हणालात, “या मॅडम. आज मंडळींना दाखवू.” आणि मी वाचले, काका. पाचही. एकदाही न अडखळता. मेहुणा म्हणाला, “अरे, ही तर फाडफाड बोलते.” तुमची मान अशी ताठ झाली होती, जसे काही ते आकडे मीच तयार केले होते.

“अजून एक घे,” तुम्ही म्हणालात.

सहावी मी पाठ केलेली नव्हती. बोट पुढच्या ओळीवर ठेवलं: १२८९. मला एवढं कळत होतं की हे ‘एकोण’ काहीतरी आहे. पुढचं आठवेना. एकोणऐंशी तर आत्ताच म्हणून झालं होतं. मग हे काय? मेहुणा पुढे सरकून बसला होता. दादा हसायच्या तयारीत होता, म्हणजे मला तसं वाटलं. तो कदाचित नुसता बसला असेल. त्याच्या खालच्या ओळीत १२९१ होतं. ते मला येत होतं, कारण बाबा एक्क्याण्णव साली दहावी झाले आणि घरात कुणाचाही निकाल लागला की ते सांगतात. मी बोट एक ओळ खाली घेतलं.

“बाराशे एक्क्याण्णव,” मी म्हणाले.

तुमचं स्केचपेन थांबलं. किती वेळ थांबलं हे मी शेकडो वेळा आठवून पाहिलंय. कधी ते खूप वेळ थांबतं. कधी तुम्ही फक्त शाई उतरावी म्हणून ते झटकत असता. मग तुम्ही भागायला लागलात. बाकी आली सातशे सात. “बघा, पुढून वाचा, मागून वाचा, तीच,” तुम्ही पाहुण्यांना सांगितलंत, आणि चहा आला. मला वाटलं, पुढच्या वेळी एकटे असताना सांगेन की एक राहिली. पुढच्या वेळी तुम्ही लगेच म्हणालात, “हं, पुढची,” आणि मी बाराशे सत्त्याण्णव वाचली.

ती बैठक धरून पुढे तीन झाल्या. त्यात तुमचं दवाखान्यात जाणं झालं, म्हणून दोन महिने लागले. शेवटची संख्या चौदाशे सत्तावीस. भागाकार आला चौदाशे एकोणतीस, बाकी तेराशे चार. तुम्ही पेन खाली ठेवलंत. “संपलं,” म्हणालात. मी विचारलं, पुढच्या संख्या का नाही? तुम्ही दोन्ही हातांची बोटं एकमेकांजवळ आणलीत. “भाग जाणार असता तर जोडीने गेला असता. दोघांतला एक लहान, एक मोठा. आता भाजक नि भागाकार शेजारी आलेत. ह्याच्या पुढचा मोठा सापडला तर त्याचा जोडीदार लहान असणार, आणि लहान तर आपण सगळे तपासलेत. जोडीतला एक तरी आपल्या हातून गेलाच असता.”

माझ्या शाळेत मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं. सूत्र सांगितलं होतं.

काकूने जिलबी मागवली. तुम्ही शेजारच्या दारांवर जाऊन सांगून आलात. सगळ्यांना वाटलं, दादाला मुलगा झाला.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. तुमच्याशी वाद जिंकायला नव्हे, खरंच. मला फक्त ते मशीनकडूनही ऐकायचं होतं. उत्तर लगेच आलं: १२८९ गुणिले १५८३. मी कागद घेऊन तुमच्यासारखा हातचे धरून गुणाकार केला. वीस लाख चाळीस हजार चारशे सत्याऐंशी. दोन्ही संख्या मूळ. म्हणजे ही एकच जोडी, दुसरी नाही. पंधराशे त्र्याऐंशी तुमच्या यादीच्या बाहेर होती. सव्वादोनशे भाजकांपैकी दुसरा कुठलाही मी गाळला असता तरी काही बिघडलं नसतं. तुमचं उत्तर बरोबरच आलं असतं. मी एकच गाळला, आणि तो हा. याला काय म्हणायचं मला कळत नाही. माझ्या लाजण्याला एवढा अचूक नेम कुठून आला?

तुम्हाला फोन करायचं मी पुढच्या रविवारवर ढकललं. मग त्याच्या पुढच्या. तुमच्यासमोर बसून न सांगणं मला जमलं नसतं, आणि सांगणंही जमत नव्हतं, म्हणून मी यायचंच बंद केलं. नऊ महिने, काका. तुम्ही फोनवर विचारायचात, “एकवीसशे सत्तेचाळीसला तीनने भाग जातो का? न भागता सांग.” मी म्हणायचे, “नाही, बेरीज चौदा.” तुम्ही म्हणायचात, “शाब्बास. कधी येतेस?” मी म्हणायचे, ऑफिसमध्ये काम आहे. घरातल्या मोठ्यांपैकी लग्नाचं न विचारता कधी येतेस एवढंच विचारणारे तुम्ही एकटे होतात.

परवा काकू मला म्हणाली, “शेवटी शेवटी सारखे विचारायचे, नऊचाळीस रागावली का माझ्यावर? काय गं, रागावली होतीस?” मी मान हलवली. काकूने ती कुठल्या अर्थाने घेतली कुणास ठाऊक.

आज विहारात वंदना झाल्यावर मी तुमच्या फोटोजवळ गेले. दादाने टेबलावर मेणबत्त्यांशेजारी भागाकारांची वही ठेवली होती. मी ते पान काढलं. बाराशे त्र्याऐंशी, बाकी पाचशे सतरा. खाली एक ओळ कोरी. मग बाराशे एक्क्याण्णव, बाकी सातशे सात.

ती कोरी ओळ बघत मी उभी राहिले. पाच झाल्या की तुम्ही ओळ सोडायचात, आणि त्या दिवशी पाच झाल्याच होत्या. म्हणून सोडली असेल. पण बैठक तर संपली नव्हती, तुम्हीच अजून एक घे म्हणाला होतात. यादी तुम्हीच तयार केलेली. तुम्हाला १२८९ आठवत नसेल? आठवत असेल तर मग तुम्ही जागा धरून ठेवलीत का, मी सांगेन म्हणून? मी शेवटचं पान काढलं. तिथे तुम्ही जाड अक्षरात लिहिलंय, “एकूण भाजक सव्वादोनशे.” मी मोजले. दोनशे चोवीस भरले. दोनदा मोजले. तुम्ही यादीवरून आकडा घेतलात, की अंदाजे लिहिलंत, की त्यात ती कोरी ओळ धरली आहे? तुम्हाला माहीत असून तुम्ही जिलबी वाटलीत? आणि ‘रागावली का’ हे तुम्ही का विचारत होतात? मला वाटतं तुम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या क्षणी वाटतं, हे मला सोयीचं आहे म्हणून वाटतंय.

एवढ्यात दादा आला. दाराजवळच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, “विहाराला पुस्तकांसाठी देतोय, पप्पांच्या नावाने. उद्या पेंटर येईल. वर कालकथित आणि नाव, खाली संख्या, आणि त्याखाली ‘कशानेही भाग न जाणारी’. कसं वाटतं?” त्याचे डोळे सुजले होते. मी म्हणाले, “छान.”

मग लोक बोलायला उठले. प्रेसमधले वसंतमामा माईकसमोर आले आणि जयभीम म्हणाले. मग म्हणाले, “आमच्या धंद्यात एक पाप. नंबर गाळायचा नाही. एक आकडा गळला की अख्खं बुक बाद. ह्या माणसाच्या हातून कधी गळला नाही. मी पस्तीस वर्षं शेजारी उभा होतो, मी सांगतो.” आणि ते खाली बसले.

तुम्ही हे मला एकदा सांगितलं होतंत, बुक बाद होण्याचं. मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं.

दादाने माईक घेतला. “आता आमची नऊचाळीस दोन शब्द बोलेल. म्हणजे, बोलली तर.” थोडे लोक हसले, मायेनेच. बाबा मागे वळून मला नको तर राहू दे असं खुणावत होते. मी उठले. माईक शिट्टी मारल्यासारखा वाजला, दादाने तो माझ्या तोंडापासून थोडा लांब केला. तुमचा फोटो माझ्या डाव्या हाताला होता. मी तिकडे बघितलं नाही.

“वसंतमामा म्हणाले ते बरोबर आहे,” मी म्हणाले. “काकांच्या हातून आकडा गळला नाही. माझ्या हातून गळला. यादी मी वाचत होते, आणि एक संख्या मला मराठीत म्हणता येत नव्हती, म्हणून मी ती सोडली. मी त्यांना सांगितलं नाही. दादा, कपाटावर तसं नको लिहूस. त्या संख्येला भाग जातो.”

दादा माझ्याकडे बघत राहिला. तो रागावला की त्याला समजलंच नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. मग पुढच्या रांगेतून, हातात कार्ड तसंच धरून, त्या मावशींनी विचारलं, “कितीने गं जातो?”

मी माईक परत जवळ ओढला.

“बाराशे एकोणनव्वदने.”